माझ्या साक्षात्काराचा डिजिटल बोर्ड

मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणात असले लेख वाचताना मी स्वतः शेवट आधी उघडून बघायची, बाई वाचली की गेली ते. मी वाचले. डावा स्तन गेला, केस गेले आणि परत आले, जिभेची चव गेली ती निम्मीच परत आली, आणि तोंड पूर्वीइतकंच चालतंय. तुमच्यापैकी कुणाच्या हातात नुकताच तो रिपोर्ट पडला असेल, तर आधी घोटभर पाणी प्या आणि मग पुढं वाचा.

माझं नाव शालन. रंकाळ्याच्या पलीकडं आमची कॉलनी. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पोथी होते, वीसेक वर्षं होत आली. पोथी कुणीही वाचतं, अर्थ मी सांगते. हे मी मोठेपणानं सांगत नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मोठेपणानंच सांगते. मला अर्थ सांगता येतो. संतांना जे झालं ते मी चुलीपुढच्या भाषेत उलगडून सांगते आणि बायका पदरानं डोळे टिपतात. प्रकाश, आनंद, देहाचं भान हरपणं, ही सगळी सामग्री माझ्या जिभेवर तयार असायची. बायका म्हणायच्या, काकींनी सांगितलं की समोर दिसतंय बगा. मलाही तसंच वाटायचं.

त्या बायकांत सगळ्यात धाकटी वनिता. आमच्याच गल्लीत राहते, माहेर राधानगरीकडचं, घरी ब्लाऊज शिवते. ती दाराजवळ बसते आणि बाकीच्या प्रसादाकडं बघत असताना ही एकटी प्रश्न विचारते. तिचं नाव लक्षात ठेवा, निम्मा लेख तिचा आहे.

गाठ माझी

गाठ मला आंघोळीत लागली. वाटाण्याएवढी होती आणि दुखत नव्हती. आमच्याकडं बायका असलं काही पदराआड ठेवतात, लग्नकार्य होऊ दे, ऊस कारखान्याला जाऊ दे, मुलाची परीक्षा होऊ दे, असं करत बसतात. मी त्याच दुपारी जेवताना ह्यांना सांगितलं. आमचे हे पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेत, मुळातच कमी बोलणारा माणूस. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या खिशातच होती.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सगळं ह्यांना सांगायला सुरुवात केली. 'यांचं ऑपरेशन करावं लागेल, यांना किमो द्यावी लागेल.' यांचं म्हणजे माझं. मी तिथंच बसलेली, रंगीत साडी नेसून, केसांत अबोली माळून, आणि माझ्याबद्दल असं बोलणं चाललेलं. मी पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, गाठ माझी हाय," मी म्हणाले. "माझ्याकडं बगून बोला."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची वळवली आणि त्यानंतर शेवटपर्यंत माझ्याशीच बोलले. हे मी अभिमानानं सांगते आणि तुम्हालाही सांगते, पहिल्याच दिवशी खुर्ची आपल्याकडं वळवून घ्या. पुढचं सगळं त्यानं थोडं सोपं होतं.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर ह्यांची स्कूटर सुरू होईना. किक मारमारून दमले आणि सीटवर डोकं टेकून रडायला लागले. मी बाजूला उभी. मला रडू आलं नाही, राग आला, कारण पहिल्यांदा रडायचा मान माझा होता. घरी जाऊन मी दार लावून पोटभर रडले, मग उठून कालवण फोडणीला टाकलं.

मुलगा पुण्यात असतो. त्याचा आणि सुनेचा आग्रह, आई, तू इकडं ये, इथं मोठी हॉस्पिटलं आहेत. मी गेले नाही. उलटी झाली तर आपल्या मोरीत व्हावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यावरून मुलानं फोनवर आवाज चढवला, मी त्याच्याहून चढवला. आजारात घरची माणसं भांडतात. त्यात वाईट वाटून घेऊ नका, भीतीच अशी बोलते.

खुर्च्या

किमोच्या खोलीत ओळीनं खुर्च्या असतात, मागं कलणाऱ्या. सकाळी जायचं, रक्त तपासायला द्यायचं, पेशी पुरेशा आहेत असं कळलं की सुई. नाहीतर घरी. मला सगळ्यात जास्त भीती सुईची नव्हती, घरी परत पाठवतील याची होती. शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा जुबेदाभाभी असायच्या, शिरोळहून एसटीनं यायच्या. त्यांची शीर सापडायची नाही. सिस्टर टिचक्या मारून दमायची आणि भाभी तिलाच धीर द्यायच्या, बेटी, सावकाश कर, मला कुठं जायचंय. डब्यात दहीभात आणायच्या आणि माझ्यासाठी वेगळा चमचा. माझ्या तोंडाला तेव्हा सगळं लोखंडासारखं लागायचं, पण तो भात जायचा. कसा जायचा माहीत नाही.

ऑपरेशननंतर जुने ब्लाऊज एका बाजूनं लोंबायला लागले. कुणाला सांगायचं? वनिता एक दिवस टेप घेऊन आपणहून आली. काही विचारलं नाही, चेहरा पाडला नाही, माप घेतलं. चार दिवसांनी ब्लाऊज आणून दिले, डाव्या बाजूला आतून मऊ कापसाचा कप शिवलेला, बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही असा. मी आरशात बघितलं आणि तिला म्हणाले, बाई, तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे. ती म्हणाली, कडं नको, शिलाई द्या. त्या सगळ्या महिन्यांत मी इतकी कधी हसले नव्हते.

ह्यांचं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. बोलता येत नाही असा माणूस देवाकडं धावतो. दर रविवारी जोतिबाला. एकदा माझ्या पेशी कमी झालेल्या, डॉक्टरांनी धूळसुद्धा लागू द्यायची नाही म्हणून बजावलेलं, आणि हे डोक्यापासून पायापर्यंत गुलालात माखून थेट माझ्या खोलीत आले, हातात खोबरं. मी इतकी ओरडले की समोरच्या घरातले बाहेर आले. हे मागच्या अंगणात गेले आणि नळाखाली बसून राहिले. गुलाल धुऊन निघाला तरी बसलेले. खिडकीतून ती ओली पाठ बघितली आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. मग मीच टॉवेल घेऊन गेले.

मोरीत

आता त्या गोष्टीकडं येते.

तिसऱ्या किमोनंतरची दुपार. मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून डोक्यावरून पाणी घेत होते. उरलेसुरले केस हातात आले, जाळीत जाऊन अडकले आणि पाणी तुंबलं. मी वाकून ते केस जाळीतून काढत होते, आणि तेव्हा ते झालं.

काय झालं ते सांगणार नाही. रागावू नका. देवघरात झालं नाही, मोरीत झालं, एवढं सांगते, कारण जागेबद्दल मला अभिमान आहे. पाणी गार होईपर्यंत मी तिथंच होते. ह्यांनी दारावर थाप मारली तेव्हा मी ओ दिली आणि माझा आवाज माझाच होता.

संध्याकाळी ह्यांना सांगायला बसले. वीस वर्षं दुसऱ्यांचं सांगितलं, आता स्वतःचं सांगायचं म्हणून कसा हुरूप! आणि माझ्या तोंडून काय आलं? प्रकाश. आनंद. भान हरपलं. सगळं गुरुवारचं. हे हात जोडून ऐकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी सांगता सांगता मनात म्हणत होते, शालन, हे असं नव्हतं गं. पण जीभ थांबेना. समोर असा ऐकणारा असला की कोणाची थांबते?

दुसऱ्या दिवशी कळलं काय झालंय ते. डोळे मिटून मी ते आठवायला गेले, तर ते येईना. मी ह्यांना जे सांगितलं होतं तेच येऊ लागलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. मुळातलं माझ्याच बोलण्याखाली दबलं. जीव कासावीस झाला. एवढं शरीर कापून दिलं, केस दिले, चव दिली, आणि हातात आलेली ही एकच गोष्ट मी स्वतःच्या जिभेनं घालवत होते. ठरवलं, आता एक शब्द नाही. काही दिवस गप्प राहिल्यावर ते हळूहळू मोकळं झालं. सगळं नाही, पण बरंचसं.

तुम्ही म्हणाल, मग संतांनी कसं सांगितलं? मीही तेच विचारत होते स्वतःला. त्याचं उत्तर मला पुढं भर मांडवात द्यावं लागलं.

चौकात मी

मी गप्प बसले, पण हे बसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याकडं सांगण्यासारखं काही आलं होतं, ते त्यांनी भावाला सांगितलं. माझे दीर दत्ताभाऊ. मनानं लाख माणूस, पण त्यांचं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे. आमच्या कोल्हापुरात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, बैल शर्यतीत जिंकला, की चौकात डिजिटल लागतो. वहिनीला देव भेटला म्हटल्यावर दत्ताभाऊ हातावर हात ठेवून बसतील?

ट्रीटमेंट संपल्यावरच्या तपासणीहून मी रिक्षानं घरी येत होते. हे दवाखान्यात औषधं घ्यायला थांबलेले. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता. शेवटी म्हणाला, मावशी, तुमीच नव्हं त्या डिजिटलवरच्या? मी म्हटलं, कुठल्या? त्यानं चौकात रिक्षा बाजूला घेतली.

दोन मजल्यांएवढी मी. पुतण्याच्या लग्नातला फोटो घेतला असता तर ठीक होतं, तो सापडला नसावा. माझा आताचा टकलाचा फोटो घेऊन त्यावर कॉम्प्युटरनं केस लावले होते, कमरेपर्यंत. मागं डोंगर, डोंगरावर देऊळ, देवळातून किरणं निघून माझ्या डोक्यावर पडलेली. खाली लिहिलं होतं, मृत्यूच्या दारातून परत आलेल्या साक्षात्कारी सौ. शालनवहिनी यांच्या मुखातून दिव्य अनुभव, गुरुवारी सायंकाळी, महाप्रसादाचा लाभ घ्यावा. त्याखाली ओळीनं शुभेच्छुकांचे फोटो, निम्म्यांनी गॉगल घातलेले.

"पाया पडू का?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"रिक्षा चालव," मी म्हणाले.

दत्ताभाऊंना बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, चांगलं फैलावर घेईन. पण ते दारातच पाया पडले. म्हणाले, वैनी, मांडव सांगितलाय, आचारी सांगितलाय, आता नाही म्हणू नका, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांचेही डोळे भरलेले. ऑपरेशनच्या दिवशी रक्त द्यायला हाच माणूस पहिला उभा राहिला होता. मी म्हटलं, बरं, येते. काय बोलायचं ते माझं मी बघते.

मला तेव्हा वाटत होतं, दोन गोड शब्द बोलून सुटेन. तसं झालं असतंही, पण त्याच्या आदल्या दिवशी वनिता आली.

वनिताचा प्रश्न

ती नेहमीसारखी दाराशी बसली नाही. आत येऊन माझ्याजवळ बसली आणि माझा हात घेऊन स्वतःच्या काखेजवळ लावला. मी बोटांनी चाचपलं. माझ्या हाताला लगेच कळलं. हिनं सगळं केलं होतं, गुपचूप. तपासणी झाली होती, रिपोर्ट आला होता, सोमवारी पहिली किमो सांगितली होती. वेळेत सापडलंय, नीट उपचार केले तर बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

मी म्हटलं, मग सोमवारी जायचं. ती मान हलवायला लागली. म्हणाली, जाणार नाही. महिनाभर पहाटे उठून ध्यानाला बसायलीय, पोथी लावलीय, एक वेळ जेवायलीय. मला आधी काहीच कळेना. मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. कॉलनीत सगळीकडं झालं होतं की शालनकाकीला दर्शन झालं आणि त्यानंतर रोग उतरला.

"तसं मलाबी होऊ दे, मग जातो किमोला," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या सुनेला त्याचं अजून हसू येतं. "नुसतं सुईनं कुणी बरं हुतंय का काकी? तुमाला काय दिसलं तेवढं सांगा. म्हंजे मला दिसलं का न्हाई ते मला कळंल."

 मी जे सांगेन, ते ही पोर रोज पहाटे डोळे मिटून शोधत बसणार. प्रकाश म्हटलं तर प्रकाश दिसेपर्यंत थांबणार, आणि तिची गाठ काही थांबणार नव्हती. सोपा मार्ग एकच होता, म्हणायचं, अगं काही झालं नाही, औषधांनी डोकं फिरलं होतं माझं. तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या आयुष्यात जे एक खरं घडलं त्याला मी खोटं म्हणू? तेही जमेना. आणि म्हटलं असतं तरी तिनं मानलं नसतं, चौकात दोन मजली पुरावा लागला होता.

मी तिला म्हटलं, उद्या मांडवात ये. समोर बस.

मांडव

मांडव भरला होता. ओळखीचे, अनोळखी, मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या, कडेवर आजारी पोर घेतलेली एक बाई. ती बाई बघितली आणि मला दत्ताभाऊंचा नव्यानं राग आला. मला हार घातला, शाल घातली. मी डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला. केस तेव्हा नुकते बोटभर आले होते. समोर कुजबुज झाली, कारण बोर्डावर कमरेपर्यंत होते.

मी तिथं काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आधी गाठीचं सांगितलं. कुठं हात लावून बघायचा ते बायकांना माइकवरून सांगितलं, पुरुष माना खाली घालून बसले. मग ऑपरेशन, सुया, रेडिएशनचं मशीन, उलट्या. लोक चुळबुळ करायला लागले, ते याच्यासाठी आले नव्हते. मागून कुणीतरी म्हणालं, वैनी, दर्शनाचं सांगा की.

मी वनिताकडं बघितलं. ती पहिल्या ओळीत होती, नवरा शेजारी.

"झालं. खरं झालं," मी म्हणाले. "काय झालं ते सांगणार न्हाई. आणि नीट ऐका, मला बरं केलं ते त्यानं न्हाई. बरं केलं कापल्यानं, सुईनं आणि मशीननं. ते झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीबी मला उलट्या झाल्या."

 मग एक वयस्कर गृहस्थ उठले. सभ्य माणूस, भजनी मंडळातले. त्यांचा प्रश्न रास्त होता. ते म्हणाले, अनुभव लोकांना वाटायचा असतो, संतांनी सांगितलाच की, नाहीतर तुम्ही वीस वर्षं आम्हाला कशाचा अर्थ सांगत होता?

मी म्हटलं, काका, त्यांना झालं आणि त्यांचा शब्दही तिथूनच निघाला. माझं तसं नाही. मी सांगायला गेले तर माझ्या तोंडातून त्यांचे शब्द निघतात, आणि माझं झालेलं त्यांच्या शब्दांत घातलं की ते खोटं होतं, मला स्वतःलाच परत सापडत नाही. दुसऱ्याची साडी नेसून मी माझं लग्न कसं लावू? बायका हसल्या. मी पुढं म्हटलं, आणि तुम्ही ऐकून काय कराल? तस्संच दिसतंय का म्हणून बघत बसाल. ज्याचं त्यानं बघावं, मला न विचारता. अर्थ मी अजूनही सांगेन दर गुरुवारी, पण पोथीचा. माझा नाही.

काका बसले. पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. माझा उत्तरावर हक्क होता तसा त्यांचा न पटण्यावर. दत्ताभाऊ माइकजवळ पडलेल्या चेहऱ्यानं उभे होते. हे मात्र उभे राहिले आणि टाळी वाजवली. एकट्यानंच, सगळ्यांसमोर. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा चारचौघांत आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, तो टाळीचा.

समोर बघितलं तर वनिता नव्हती. खुर्ची रिकामी होती आणि नवरा चपला शोधत होता.

सोमवार

जेवणावळी झाल्या, डिजिटल उतरला. मी वाट बघत राहिले, ती आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. ह्यांना म्हटलं, मी चुकले, खोटं बोलायला पाहिजे होतं, एका पोरीच्या जिवापुढं माझ्या खऱ्याला काय चाटायचंय? ह्यांनी नुसता हात धरला.

सोमवारी सकाळी मी फाईल न्यायच्या माझ्या जुन्या पिशवीत पाण्याची बाटली, लिंबू आणि रुमाल टाकला आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. आत मशीनचा आवाज. ती शिवत होती, कुणाचं तरी लग्नाचं ब्लाऊज. मान वर केली नाही. नवरा कपडे करून तयार बसला होता आणि माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच शेवटची एसटी.

मी म्हटलं, मी येतो तुझ्याबरोबर. आत शेजारी बसतो. सिस्टर ओळखीच्या हायत, हाकलत न्हाईत.

"भ्या वाटतंय काकी," ती मशीन न थांबवता म्हणाली.

"वाटंल की. मलाबी वाटायचं. ते झालं त्याच्यानंतरबी वाटायचं."

मशीन थांबलं.

"त्याच्यानंतरबी?"

"त्याच्यानंतर चौथ्या किमोला मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून ऱ्हायलो. ह्यांनी दंडाला धरून वर नेलं."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही सांगू नका म्हणून बजावलं होतं. साक्षात्कारी बाई पायरीवर बसून नाही म्हणते, हे काय सांगायचं? पण तिला तेच पाहिजे होतं. तिनं ते अर्धवट ब्लाऊज मशीनवरून काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, म्हंजे ते झालं तरी जायचं ते जायचंच. मी म्हटलं, व्हय. तिनं दातानं दोरा तोडला, ब्लाऊजची घडी घातली आणि आत साडी बदलायला गेली. नवरा माझ्या पाया पडायला वाकला, त्याला मी रिक्षा आणायला पिटाळलं.

शेजारची खुर्ची

तेव्हापासून दर वेळी मी तिच्याबरोबर गेले. आता मी कलत्या खुर्चीत नव्हते, शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते. पहिल्या वेळी तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. दुसऱ्यांदा उलट्यांनी हैराण झाली आणि मला शिव्या घातल्या, अस्सल राधानगरीच्या. मी मोजून उलट घातल्या. मधल्या काळात तिची पोथीही सुरू होती आणि डॉक्टरही. दोघांचं भांडण नाही हे तिला माझ्याआधी कळलं, असं मला वाटतं. दर्शनाचा विषय तिनं परत काढला नाही. मीही काढला नाही.

किमो संपत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी खाली चहा प्यायला गेले होते. वर आले तर ती खुर्चीत पडलेली, डोक्याला रुमाल, हातात सुई, डोळे उघडे. खोलीत नेहमीचं सगळं चाललं होतं. कुणाचा तरी फोन वाजत होता, सिस्टर सलाईन बदलत होती. आणि वनिता छताकडं बघत होती. तिचा चेहरा बघून मी दारातच थांबले. तो चेहरा मी आरशात बघितला होता, एकदाच, मोरीतून बाहेर आल्यावर.

मी जवळ जाऊन बसले. हलकेच म्हटलं, वनिता. तिनं मान वळवली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला काही विचारायची गरजच नव्हती.

तरी मी विचारलं! मांडवभर लोकांना सुनावणारी मी. माझ्याच्यानं राहवेना. तिचं माझ्यासारखं आहे का, वेगळं आहे का, निदान एक शब्द तरी कळावा, म्हणून जीव नुसता तडफडत होता. खुर्ची पुढं ओढून मी तिच्या कानाशी वाकले.

"काय झालं गं? मला तरी सांग की."

ती हसली. मग सुई नसलेला हात वर करून माझ्या गालाला लावला, मी तिच्या आईच्या वयाची असून.

"न्हाई सांगत काकी," ती म्हणाली. "पाणी द्या."

मला असा राग आला! आणि इतका अभिमान वाटला, की बाटलीचं झाकण मला उघडेना, ते सिस्टरनं उघडून दिलं.